वाणिज्य आणि व्यवस्थापनातली पीएचडी: विद्यार्थी ज्येष्ठांना पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

कोर्सवर्कच्या शेवटच्या दिवशी आम्ही चार-पाच जुनी मंडळी विद्यार्थ्यांसमोर बसतो. कोणी बँकिंगचं, कोणी मार्केटिंगचं, कोणी एचआरचं. दोघं निवृत्त, त्यातली एक मी. चहा येईपर्यंत कोणी तोंड उघडत नाही. चहानंतर मात्र दरवर्षी तेच प्रश्न येतात, आणि जवळपास त्याच क्रमाने. ते इथे उतरवले आहेत. उत्तरं माझी आहेत. आमचं आपसात जमत नाही तिथे तसं सांगितलं आहे.

सर एक सांगतात, मॅडम दुसरंच. ऐकायचं कोणाचं?

सल्ला देणाऱ्याला आधी हळूच विचारा, "सर, आपण सर्व्हिसला कधी लागलात?" औषधाच्या पाकिटावर असते तशी सल्ल्यालाही तारीख असते, फक्त ती छापलेली नसते. मी नव्वदच्या दशकात लागले. तेव्हा एम.कॉम.ला बरे गुण आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा एवढ्यावर गाडी रुळावर यायची, पीएचडी मागाहून सावकाश. आमच्यातले एक सर अजूनही सगळ्यांना सांगतात, "आधी नोकरी धर, डॉक्टरेट होईल मग." ते अगदी मनापासून सांगतात. पण त्या सल्ल्याची मुदत संपून वीस वर्षं झाली.

नियमांचंच बघा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१६च्या नियमावलीत थिसिस जमा करण्याआधी रेफरीड जर्नलमध्ये एक पेपर आणि परिषदांत दोन सादरीकरणं सक्तीची होती. नोव्हेंबर २०२२च्या नियमावलीत यूजीसीने ही सक्ती काढली. विद्यापीठाच्या विभागात सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी लागेल असं २०१८मध्ये ठरलं, मग ते पुढे ढकललं गेलं, आणि १ जुलै २०२३पासून नेट, सेट हीच किमान पात्रता झाली. एम.फिल. बंद झालं. मान्यताप्राप्त जर्नलांची यूजीसी-केअर यादी २०१९मध्ये आली आणि २०२५मध्ये गेली. म्हणजे २०१७ साली नोंदणी केलेला तुमचा सीनियर "दोन कॉन्फरन्स करून टाक आधी" म्हणतो तेव्हा तो त्याच्या वेळचा नियम सांगत असतो.

म्हणून नियमांबद्दल कोणाही ज्येष्ठाचं तोंडी ऐकू नका, माझंही नाही. विद्यापीठाचं ताजं परिपत्रक काढा. यूजीसीने काढलेली अट विद्यापीठाने आपल्या अध्यादेशात ठेवलेली असू शकते, तेही तिथेच कळेल. ज्येष्ठांकडून घ्यायचं ते दुसरंच: प्रश्न कसा शोधला, कुठे फसलो, कोणाबरोबर काम केलं, लिहायला कसं बसलो. त्याला तारीख फारशी लागत नाही.

गाइड कसा निवडायचा?

आधी जागा आहे का ते बघा. एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. हा हिशेब न करता मुलं एकाच नावामागे दोन-दोन वर्षं थांबतात.

जागा असेल तर शोधगंगेवर जा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेल्या या भांडारात देशभरातल्या लाखो थिसिस फुकट वाचायला मिळतात. गाइडच्या नावाने शोधा आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांच्या थिसिस उघडा. पूर्ण वाचायची गरज नाही. पहिलं प्रकरण वाचा आणि थेट शेवटची संदर्भसूची गाठा. २०२२मध्ये जमा झालेल्या थिसिसमध्ये सगळ्यात नवा संदर्भ २००९चा असेल, तर तो मसुदा कोणी नीट वाचला नाही हे उघड आहे. दोन्ही थिसिसमध्ये पद्धतीचं प्रकरण शब्दशः सारखं निघालं, तर काय ते समजा.

मग गाइडच्या विद्यार्थ्यांशी बोला. तीन वर्षांत पूर्ण केलेला आनंदात असतो, त्याच्याकडून फार कळत नाही. सात वर्षं लागली त्याला गाठा आणि एवढंच विचारा: मसुदा दिला की किती दिवसांनी परत येतो, आणि परत आल्यावर त्यावर काय लिहिलेलं असतं? "छान आहे, पुढे चला" असं कायम येत असेल तर पुढे व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षक त्याची वसुली करतात.

माझ्या ओळखीच्या एका मुलीची पहिली दोन वर्षं गाइडच्या नॅक मूल्यांकनाच्या फायली लावण्यात गेली. ती हुशार होती आणि फायलीही उत्तम लागल्या.

इथे आमच्यात वाद आहे. आमचे बँकिंगवाले सर म्हणतात, मोठ्या नावाखाली करा, नाव आयुष्यभर चालतं. मी म्हणते, महिन्यातून दोनदा तासभर समोर बसणारा गाइड बघा. नाव मोठं आणि वेळही देतात असं कोणी मिळालं तर आम्हा दोघांनाही विचारत बसू नका.

विषय मिळत नाहीये. एखादा सुचवाल का?

विषय मिळत नाही अशी अडचण कमी जणांची असते. बहुतेकांकडे विषय असतो, प्रश्न नसतो. "नागरी सहकारी बँकांच्या ग्राहकांचे समाधान: विशेष संदर्भ पुणे जिल्हा." हा साचा तुम्ही शंभर वेळा पाहिला आहे. बँकेच्या जागी विमा घाला, पुण्याच्या जागी सांगली, समाधानाच्या जागी जागरूकता, थिसिस तयार. निष्कर्षही ठरलेला: बहुसंख्य ग्राहक समाधानी आहेत, सुधारणेला वाव आहे.

आता हाच विषय जरा खणून बघू. बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणाऱ्या विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२०मध्ये एका लाखावरून पाच लाखांवर गेली. त्याआधी काही महिने, सप्टेंबर २०१९मध्ये, पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले होते आणि मुंबईत शाखांबाहेर रांगा लागल्या होत्या. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात एक जुनी सवय आहे: लाखाच्या आतल्या ठेवी तीन-चार बँकांत वाटून ठेवायच्या. मर्यादा पाचपट झाल्यावर लोकांनी ठेवी वाटणं थांबवलं का? पैसा परत एका बँकेत आला का? आला असेल तर जास्त व्याज देणाऱ्या कमकुवत बँकेत आला की भक्कम बँकेत? विम्याचा हप्ता बँक भरते, आणि तोही शंभर रुपयांना वर्षाला १० पैशांवरून १२ पैसे झाला. छोट्या बँकेने तो कुठून काढला?

इथे प्रश्न आहे, वाद आहे, आधी-नंतरची स्पष्ट तारीख आहे आणि उत्तर काय येईल ते कोणालाच आधी माहीत नाही. बँकांचे वार्षिक अहवाल छापील मिळतात. सहकारी बँकेच्या सर्वसाधारण सभेला बसलात तर आकड्यांत नसलेलंही बरंच कळतं. जिल्हा तोच, बँकाही त्याच.

विषयाची माझी कसोटी साधी आहे. तुमचं उत्तर उलटं आलं तर कोणाला काही फरक पडेल का? ग्राहक समाधानी नाहीत असं निघालं तर कोण काय वेगळं करणार आहे? कोणीच नाही, असं वाटलं तर आणखी खणा.

सॅम्पल ३८४ घेतलं तर चालेल ना?

हा आकडा ऐकला की माझं डोकं उठतं, म्हणून थोडं लांबवते.

क्रेजसी आणि मॉर्गन या दोघांनी १९७०मध्ये एक तक्ता छापला. लोकसंख्या दहा लाख असली तर नमुना ३८४, एक हजार असली तर २७८, असा. त्यामागचं गणित ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूक आणि सगळ्यात वाईट परिस्थिती, म्हणजे उत्तरं निम्मी-निम्मी विभागलेली, धरून मांडलेलं आहे. आणि त्याची मूळ अट आहे यादृच्छिक नमुना, म्हणजे लोकसंख्येतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी.

आपण काय करतो? गूगल फॉर्म बनवतो, सोसायटीच्या, ऑफिसच्या आणि मावसभावाच्या क्रिकेटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो, आणि ३८४ झाले की थांबतो. संख्या तक्त्यातली, नमुना ओळखीपाळखीचा. परीक्षकाने विचारलं की हा नमुना कशाचा आहे, तर प्रामाणिक उत्तर "माझ्या फोनमधल्या लोकांचा" असं द्यावं लागेल. आडत्यांचा अभ्यास असेल आणि बाजार समितीकडे परवानाधारकांची यादी असेल, तर त्या यादीतून सोडत काढून गाठलेले १२० आडते मला ३८४ फॉर्मपेक्षा जास्त पटतील. बारा माणसांशी दोन-दोन तास बोलून केलेला अभ्यासही चालतो, पण मग त्याची पद्धत वेगळी असते आणि ती शिकावी लागते.

प्रश्नावली इंग्रजीत करू की मराठीत?

ज्यांना विचारणार त्यांच्या भाषेत, आणि भाषांतर करून परत उलटं भाषांतर करून ताडून. पाच पर्यायांची पट्टी मराठीत आली की "सहमतही नाही, असहमतही नाही" हा मधला पर्याय बाजारातल्या माणसाला कोड्यासारखा वाटतो. मार्केट यार्डातल्या एका तोलारांनी आमच्या विद्यार्थ्याला विचारलं होतं, "म्हंजे गप बसायचं म्हणताय का?" त्या मुलाने पुढच्या छपाईत तो पर्याय "सांगता येत नाही" असा केला आणि मधली उत्तरं धपकन कमी झाली. मग प्रश्न असा की आधीचे आकडे काय मोजत होते. त्यावर त्याने एक सबंध उपप्रकरण लिहिलं, आणि थिसिसमधला तोच भाग सगळ्यात वाचनीय आहे.

थिसिस मराठीत लिहायची परवानगी बऱ्याच विद्यापीठांत असते. आपल्या अध्यादेशात बघा. व्यवस्थापनातली जर्नलं मात्र जवळजवळ सगळी इंग्रजी आहेत, तेव्हा पेपरपुरतं इंग्रजी कमवावंच लागतं.

नोकरी सांभाळून होईल का?

होते. अर्धवेळ पीएचडीला २०२२च्या नियमांत परवानगी आहे. नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षं मिळू शकतात. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. ही रजा मागायला मुली का संकोचतात ते मला आजतागायत कळलेलं नाही. मागा.

वेळेचं म्हणाल तर रविवारचा आख्खा दिवस ठेवून काही होत नाही, रविवारी लग्न असतं. रोज पहाटेचे पाऊण तास ठेवा.

पैशांचं काय?

नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर १ जानेवारी २०२३पासूनच्या दराने महिन्याला ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ (वरिष्ठ) झाली की ४२,०००. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. आपण कोणत्या प्रवर्गात बसतो त्याप्रमाणे अर्ज करा. पण या पैशांवर घराचा हप्ता बांधू नका. अधिछात्रवृत्तीसाठी विद्यार्थ्यांना आंदोलनाला बसावं लागलेलं पुण्याने पाहिलं आहे. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय हातातली नोकरी सोडू नये, असं आमच्यातल्या सगळ्यांचं मत आहे. आमचं एकमत झालेले मुद्दे फार नाहीत, हा त्यातला एक.

नेट-सेट आधी की पीएचडी आधी?

नेट आधी. जून २०२४पासून नेटच्या गुणांवर पीएचडी प्रवेशाचीही पात्रता ठरते, तेव्हा एका परीक्षेत दोन कामं होतात. फक्त प्रवेशासाठीचे गुण वर्षभरच चालतात, हे लक्षात ठेवा. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुण्याचं विद्यापीठ घेतं. तीही देऊन ठेवा.

किती पेपर लागतात, आणि कुठे?

कुठे नोकरी हवी आहे त्यावर आहे. दोन वेगळी जगं आहेत आणि त्यांची नाणी एकमेकांत चालत नाहीत.

महाविद्यालय किंवा राज्य विद्यापीठ हवं असेल तर तक्ता चालतो. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीसाठी पीएचडीला ३० गुण आहेत आणि सगळ्या पेपरना मिळून १०, दर पेपरला २. म्हणजे पाचाच्या वर कितीही छापा, गुण तेवढेच. या "पाच" आकड्यावर केवढा बाजार उभा राहिला आहे! "४८ तासांत स्वीकृती", "स्कोपस पेपर करून मिळेल, हप्त्याची सोय" असे मेसेज तुम्हालाही येत असतील (स्कोपस ही जर्नलांची एक आंतरराष्ट्रीय सूची). केअर यादी होती तेव्हा निदान एक चाळणी होती; पुण्यातल्या कक्षातून ती चालायची, आणि यादीतल्या जर्नलांच्या नावाने बनावट संकेतस्थळं काढणारे महाभागही होते. आता यादीच नाही, तेव्हा चाळणी तुम्हीच. मी चार गोष्टी बघते: संपादक मंडळावरची माणसं स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर त्या जर्नलचं नाव सांगतात का, मागच्या अंकातले दोन पेपर वाचवतात का, समीक्षेला किती महिने लागतात, आणि पैसे कधी मागतात. स्वीकारण्याआधीच "प्रोसेसिंग"चे पैसे मागितले की तो धागा तिथेच तोडा. पैसे घेणारं प्रत्येक जर्नल लबाड नसतं, पण लबाड जर्नलाला घाई फार असते.

आयआयएम किंवा परदेशी विद्यापीठ हवं असेल तर तिथे ऑस्ट्रेलियन बिझनेस डीन्स कौन्सिलची यादी बघतात: ए-स्टार, ए, बी, सी. फायनान्शियल टाइम्सची पन्नास जर्नलांची यादी त्याहून कडक. तिथे सी दर्जाचे सात पेपर दाखवलेत तर नुकसानच होतं, कारण समोरचा म्हणतो, या माणसाने तीन वर्षं यातच घालवली. अशांनी एकच चांगलं काम हातात धरावं आणि मुलाखतीच्या वेळी ते समीक्षेच्या दुसऱ्या फेरीत असलं तरी चालतं.

या दोन्ही जगांत पाय ठेवायला निघालेले विद्यार्थी मी पाहिले. बहुतेकांची दमछाक होते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवून टाका.

वाचायला जर्नल मिळत नाही ही सबब मात्र आता लंगडी झाली आहे. "एक देश एक वर्गणी" योजनेत २०२५पासून सुमारे ६,३०० सरकारी संस्थांना १३,००० जर्नलं खुली झाली. आपली संस्था त्यात आहे का, ते ग्रंथपालांना विचारा. ग्रंथपालांशी मैत्री ठेवा, असं मी सगळ्यांना सांगते आणि कोणी ऐकत नाही.

पेपर नाकारला. आता?

मेल दोन दिवस उघडू नका. मग उघडा. संपादकानेच परत पाठवला असेल तर बहुधा जर्नल चुकलं आहे. पेपर बदलण्याआधी जर्नल बदला. समीक्षकांनी नाकारला असेल तर त्यांचा प्रत्येक आक्षेप एका कागदावर उतरवा, कारण पुढच्या जर्नलला तोच समीक्षक परत भेटू शकतो. क्षेत्रं लहान असतात. एकदा मी एक पेपर जसाच्या तसा दुसरीकडे पाठवला. महिनाभरात उत्तर आलं: "या हस्तलिखितावर मी याआधीही मत दिले आहे. ते अद्याप कायम आहे."

"सुधारून पाठवा" असं आलं तर घरात पेढे वाटा, मग आक्षेपांचा तक्ता करा. डावीकडे समीक्षकाचं वाक्य, उजवीकडे तुम्ही काय केलंत आणि कोणत्या पानावर. न पटलेला आक्षेप सोडून देऊ नका. का पटला नाही ते सभ्यपणे लिहा.

गाइडनी काहीच केलं नाही, तरी पेपरवर त्यांचं नाव पहिलं का?

नसावं. आपल्याकडे मात्र ते बऱ्याचदा असतं. हा विषय पेपर लिहून झाल्यावर काढला की भांडण होतं, म्हणून पहिल्याच बैठकीत काढा, आणि प्रश्न म्हणून काढा: "सर, आपल्याकडे नावांचा क्रम कसा ठरवतात?" उत्तर ऐका आणि त्याच संध्याकाळी "आज ठरल्याप्रमाणे" अशी दोन ओळींची मेल पाठवून ठेवा. पुढच्या सगळ्या आठवणी त्या मेलवरून ताज्या होतात.

एआयने लिहून घेतलं तर? आणि ते "थिसिस करून देणारे"?

दुसऱ्याचं आधी. नको. व्हायव्हा तुम्हालाच द्यायचा आहे.

एआयबद्दल आमच्यात दोन तट आहेत. माझं म्हणणं असं: व्याकरण तपासायला, कोडमधली चूक शोधायला वापरा आणि वापरलं असं लिहा. संदर्भ मात्र त्याच्याकडून कधीही घेऊ नका. नसलेले पेपर ते इतक्या आत्मविश्वासाने सांगतं की आमच्या काळचे काही वक्ते आठवतात. उचलेगिरीसाठीच्या साम्य तपासणीत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० असेल तर सुधारून परत द्यावं लागतं, ६०च्या वर नोंदणीच रद्द होते. हे २०१८चे नियम आहेत. पण ९ टक्के आले म्हणून काम तुमचं झालं, असं कोणी समजू नये.

सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) किती तास घेऊ?

हातखर्च निघेल इतके, आणि एकाच विषयाचे. कॉलेज म्हणेल कॉस्टिंग घ्या, बिझनेस लॉ घ्या, पर्यावरण पण घ्या. तीन नवे विषय म्हणजे तीन वह्या, आणि तपासायच्या उत्तरपत्रिका वेगळ्याच. कायम जागेची आशा दाखवून सात-आठ वर्षं तासिका तत्त्वावर वापरून घेतलेली माणसं प्रत्येक विभागात आहेत. त्यांना भेटा, आमच्यापेक्षा त्यांचं अधिक ऐका. आम्हाला सगळ्यांना कायम नोकऱ्या लागल्या होत्या, हे आमच्या सल्ल्यातलं मोठं भोक आहे.

माझं वय ३८. उशीर झाला का?

व्यवस्थापनातले नावाजलेले अभ्यासक सुमंत्र घोषाल १९४८चे. इंडियन ऑइलमध्ये बरीच वर्षं काढून १९८१मध्ये अमेरिकेला गेले आणि एमआयटी व हार्वर्ड अशा दोन ठिकाणी एकाच वेळी डॉक्टरेट केली. व्यवस्थापन शिकवणाऱ्या शाळांचेच सिद्धांत व्यवहाराचं नुकसान करतात असा त्यांचा गाजलेला निबंध त्यांच्या मृत्यूनंतर २००५मध्ये छापला गेला. तो मुद्दा मांडायला कारखान्यात, ऑफिसात काढलेली वर्षं कामाला आली असणार, असं मला वाटतं.

सगळे घोषाल नसतात, मान्य. आणि जेआरएफला तिशीची वयोमर्यादा आहे, प्रवर्गाप्रमाणे सवलत धरूनही पस्तिशीचीच. ३८व्या वर्षी पैशांची सोय वेगळी करावी लागेल. पण बारा वर्षं खरेदी विभागात काढलेल्या माणसाला पुरवठादारांबद्दल जे विचारायचं सुचतं, ते तेविसाव्या वर्षी एम.बी.ए. झालेल्याला सुचत नाही.

आयआयएमची पीएचडी वेगळी असते का?

बरीच. पूर्णवेळ, निवासी, विद्यावेतनासह, आणि पहिली दोन वर्षं घाम काढणारं कोर्सवर्क. अहमदाबादला हा कार्यक्रम १९७१पासून आहे, पण तेव्हा मिळायची ती "फेलो" ही उपाधी. २०१७च्या कायद्यानंतर या संस्था स्वतःची पदवी देऊ लागल्या. जवळ म्हणाल तर नागपूर आहे, आणि २०२३मध्ये पवईच्या नीटीचं आयआयएम मुंबई झालं. आयआयटी मुंबईचं व्यवस्थापन विद्यालय आहेच.

तिथे आणि परदेशात नोकरीच्या मुलाखतीत तासभर आपलं काम मांडावं लागतं, आणि तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी मध्येच अडवतं. आपल्या मुलांना ते उद्धटपणाचं वाटतं आणि ती गांगरतात. तो तिथला रिवाज आहे. आपल्या विभागात महिन्यातून एकदा असं अडवून घ्यायची तालीम करा. एका मुलीची तालीम आम्ही घेतली तेव्हा मार्केटिंगच्या सरांनी तिला पहिल्या स्लाइडवर पंचवीस मिनिटं धरून ठेवलं. ती रडली, आणि प्रत्यक्ष मुलाखतीहून आल्यावर सरांना म्हणाली की तिथे फारच सोपं गेलं.

मध्येच सोडावीशी वाटते.

तिसऱ्या वर्षी सगळ्यांनाच वाटतं. कोर्सवर्क संपलेलं असतं, माहिती अर्धी जमलेली असते, लग्नाचं बघायला सुरुवात झालेली असते आणि शेजारचे काका भेटले की "झाली का?" विचारतात. तेव्हा लगेच ठरवू नका. सहा महिने द्या आणि दर आठवड्याला दोन पानं लिहा. तरीही सकाळी त्या फाइलकडे बघवत नसेल तर सोडा. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी सोडली. एक आज बँकेत जोखीम विभाग सांभाळतो, दुसरीने नाशिकला द्राक्षनिर्यातीचं काम सुरू केलं. दिवाळीला दोघांचेही फोन येतात. पूर्ण केलेल्यांतले सगळे करत नाहीत.

व्हायव्हाला काय विचारतात?

"तुमचं योगदान दोन वाक्यांत सांगा." दर वेळी. आणि दर वेळी उमेदवार प्रकरणांची यादी म्हणायला लागतो. दोन वाक्यं पाठ नको, पण तयार ठेवा. दुसरा प्रश्न, "आज परत करायचं झालं तर काय वेगळं कराल?" याला "काहीच नाही" म्हणू नका. आणि पेढ्यांची ऑर्डर निकाल जाहीर झाल्यावर द्या. परीक्षकांच्या नाकाखाली बॉक्स मांडून ठेवलेले मला तरी आवडत नाहीत.

ओळख नसलेल्या मोठ्या प्राध्यापकांना मेल कशी लिहायची?

छोटी. "रिस्पेक्टेड सर, आय अॅम युअर बिग फॅन" असल्या सुरुवातीच्या मेल आम्ही वाचत नाही. त्यांचा कोणता पेपर वाचलात, त्यातलं नेमकं काय अडलं आणि तुम्हाला काय हवं आहे, एवढं सहा ओळींत. "माझी थिसिस जोडली आहे, कृपया मत द्यावे" असं २८० पानं जोडून लिहू नका. प्रश्न असा विचारा की माणूस फोनवरून दोन मिनिटांत उत्तर देऊ शकेल: "आपण २०१८च्या पेपरमध्ये बंद पडलेल्या बँका वगळल्या आहेत, त्याचं कारण काय?" असल्या मेलला माझ्याकडून त्याच दिवशी उत्तर जातं. दहा दिवसांत नाही आलं तर एकदा आठवण करा, आणि मेच्या सुट्टीत पाठवली असेल तर जूनपर्यंत थांबा.